आपला डबा, आपलं पाणी

काम केलं नाही म्हणून रागावणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली. काम केलं म्हणून झापणारा माणूस मला एकच भेटला.

दर मंगळवारी दुपारी तीनला काका चेरीतालहून सायकल हाणत आमच्या कांचघरच्या घरी यायचे. सायकलला घंटी नव्हती. 'हटो भैया' म्हणत ते अख्ख्या जबलपूरमधून वाट काढायचे. घरात आले की मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवायचे आणि मला म्हणायचे, "चल, नीघ. पाच वाजेपर्यंत तोंड दाखवू नको."

पहिल्या मंगळवारी मी निघाले, दादाच्या गोळ्या आणल्या, येताना भाजी घेतली, गिरणीतून दळण आणलं आणि पावणेपाचलाच धापा टाकत घरी आले. काकांनी पिशव्यांकडे पाहिलं.

"हे काय?"

"भाजी."

"आणि ते?"

"दळण."

"म्हणजे ड्यूटी मी केली आणि सुट्टी गिरणीवाल्याने खाल्ली. पुढच्या मंगळवारी काही कामाचं केलं ना, तर मी येणार नाही. समजलं?"

मला वाटलं, गंमत करताहेत. गंमत नव्हती. पुढच्या वेळी मी दवाखान्यातून दादाचा कागद आणला, तर काका उठून घड्याळ बांधून सरळ निघून गेले आणि एक मंगळवार आलेच नाहीत. तेव्हापासून मी बिनकामाचं बाहेर जायला शिकले. शिकले म्हणते, कारण ते खरंच जमत नव्हतं. घराबाहेर पडून काय करायचं हेच मी विसरले होते. एकदा जवळच्या पाटन गावाच्या बसमध्ये बसले, मधेच कुठेतरी उतरले, रस्त्याकडेच्या मटाराच्या शेतांकडे बघत उभी राहिले आणि परतीच्या बसने आले. काकांनी विचारलं, "कुठे गेली होती?" म्हटलं, "कुठेच नाही." त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्यावर खूश झाले.

आमच्या घरी माझा मोठा भाऊ आजारी. दादा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. शेजारचे लोक आपल्याबद्दल बोलतात, रेडिओ आपल्याबद्दल बोलतो, असं त्याला वाटायचं. कॉलेज सुटलं. मग वडील गेले. आईचे गुडघे गेले. मी बी.एड. करून शाळेत लागले होते, ती नोकरी सोडली आणि दादाला सांभाळायला घरी बसले. शहरात डॉक्टर होते, औषधं होती. पण आजारी माणसाबरोबर घरात चोवीस तास राहणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे कोणाच्या कागदावर नव्हतं.

काका मला भेटले दवाखान्यातच, नातेवाइकांच्या बाकावर. मी दादाचा नंबर लागायची वाट बघत होते. शेजारी एक उंच, हडकुळा म्हातारा, खांद्याला खाकी झोळी. त्यांनी माझ्याशी ओळखपाळख काही न करता मराठीत विचारलं, "तू शेवटची सिनेमाला कधी गेली होती?" मी कपाळाला आठ्या घातल्या. "नाही आठवत ना? पत्ता सांग." मी का कोण जाणे, सांगून टाकला. त्यांच्याबरोबर पेशंट कोण आहे हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

अशी पाच-सहा घरं त्यांनी धरली होती. संस्था नाही, पावती नाही, बोर्ड नाही. आजाऱ्याजवळ दोन तास बसायचं आणि सांभाळणाऱ्याला बाहेर हाकलायचं, एवढंच. त्याला ते ड्यूटी म्हणत. आयुष्यभर त्यांनी रेल्वेच्या डाकगाडीत सॉर्टर म्हणून काम केलेलं. धावत्या गाडीत उभं राहून पत्रं वेगवेगळ्या खणांत टाकायची. दादासाठी त्यांनी शे-दोनशे चिठ्ठ्या केल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेक गाव लिहिलं होतं. पलंगावर ते दोघं समोरासमोर बसायचे आणि गावं लावायचे. कटनी लाइन इकडे, इटारसी लाइन तिकडे.

"भाऊसाहेब, नरसिंहपूर कटनी लाइनला टाकून राहिले तुम्ही. एखाद्या बाईला मुलाचं पत्र चार दिवस उशिरा मिळेल ना."

आणि दादा, जो माझ्याशी दिवसाला दहा शब्द बोलायचा, खळखळून हसायचा. मला ते ऐकून बरं वाटायचं आणि खरं सांगायचं तर थोडं लागायचंही.

आता त्या डब्याचं सांगते. काका आमच्याकडे आले त्या पहिल्याच दिवशी आईने कपाटातले चांगले कप काढले, आलं घालून चहा केला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः बाहेर घेऊन आली. काकांनी हात जोडले. "वहिनी, माफ करा. मी बाहेरचं घेत नाही." मग झोळीतून स्वतःचा स्टीलचा डबा काढला, स्वतःची पाण्याची बाटली काढली. आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

आई कप घेऊन आत गेली. चहा मोरीत ओतला आणि तो कप ती किती तरी वेळ घासत राहिली.

आम्ही बौद्ध, मूळचे भंडाऱ्याकडचे. आईने लहानपणी गावात वरून ओंजळीत ओतलेलं पाणी प्यायलं आहे. काकांचं आडनाव ऐकल्यावर कोणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. काका तिसऱ्यांदा येऊन गेले तेव्हा ती मला म्हणाली, "त्याले म्हण, ड्यूटी करायची तं माह्या घरचं पाणी पिऊन कर. नाही तं येऊ नको. माह्या पोरापाशी बसते आन् माह्या घरचा इटाळ मानते?"

मी ऐकून घेतलं आणि पुढचे दोन महिने काहीच बोलले नाही. याची मला आजही लाज वाटते. आईचा अपमान मला दिसत होता. पण ते दोन तास मला पाहिजे होते. ते गेले असते तर मी वेडी झाले असते. हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही, पण मी तेव्हा मनातल्या मनात हाच वापरायचे.

शेवटी एका मंगळवारी आईने काका आल्यावर दार उघडलंच नाही. आतून कडी घालून बसली. मी आधीच बाहेर आले होते, ती पायरीवर काकांसमोर उभी राहिले आणि चाचरत विचारलं, "काका, आमच्या घरचं पाणी तुम्हाला चालत नाही काय?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. सायकल भिंतीला टेकवायची विसरले, ती धाडकन पडली.

"अरे बाप रे," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. "वहिनींना असं वाटून राहिलं? इतके दिवस?" त्यांचा चेहरा पार उतरला. "पोरी, मी माझ्या बायकोच्या हातचंही खात नाही. अठरा वर्षं झाली. माझं मी शिजवतो, माझं मी भरतो."

"काहून?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरीत असतानाच ते आजारी पडले होते. दादासारखेच. दवाखान्यातल्या बाकावर त्या दिवशी ते कोणाला घेऊन आले नव्हते, स्वतःच्या गोळ्या घ्यायला आले होते. आजाराच्या सुरुवातीला त्यांनी गोळ्या घ्यायचं नाकारलं, तर काकूंनी त्या कुटून कढीत घालायला सुरुवात केली. वर्षभर घातल्या. औषधाने काका सावरले, पुन्हा नोकरीवर जायला लागले आणि एक दिवस पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, तेव्हा काकू गोळी कुटताना दिसल्या.

"त्या आवाजांचं म्हणणं काय होतं माहीत आहे? तुझ्या जेवणात कोणीतरी काही टाकून राहिलं, हेच म्हणत होते ते. मी वर्षभर स्वतःला समजावलं की खोटं आहे, भास आहे, बायकोवर शंका घेऊ नको. आणि निघालं खरं. आता मी कोणाचं ऐकू, सांग?"

मी मान वळवली. काका माझ्याकडे बघत राहिले. सॉर्टरची नजर, पत्ता वाचायला त्यांना वेळ लागत नसे.

"तू काहून गप्प झाली?"

मी दादाच्या गोळ्या चार वर्षं वरणात घालत होते. दवाखान्याच्या रांगेतल्या एका बाईने मला ते शिकवलं होतं. लाटण्याखाली गोळी बारीक करायची, दादाच्या वाटीत घालायची, वरून तूप आणि लिंबू, म्हणजे कडू लागत नाही. दादा रोज वाटी पुढे ओढताना विचारायचा, "काही टाकलं तर नाही ना?" आणि मी रोज म्हणायचे, "नाही रे." काकांना मी हे सगळं सांगून टाकलं.

"तो मलाही विचारतो," काका हळू आवाजात म्हणाले. "दर मंगळवारी. मी त्याला सांगतो, बहिणीवर विश्वास ठेव, ती असं नाही करणार. मला खोटं पाडलं तू." ते उठले, सायकल उचलली. "त्याला सांग. सांगशील तेव्हा मी येईन."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. मी भर रस्त्यात ओरडले, "तुमचे आठवड्याचे दोन तास आणि बाकीचे सगळे माझे! तो गोळी घेत नाही तेव्हा काय होतं ते तुम्ही नाही पाहत, मी पाहते!" शेजारच्या दीदी खिडकीत आल्या. काका मागे न बघता गेले.

आत येऊन मी आईला सगळं सांगितलं.  आई एवढंच म्हणाली, "आन् मी त्याले काय समजली." दादाला सांगू नको, असं मात्र तिचं ठाम म्हणणं होतं. "चाललं हाय ते चालू दे."

चाललं असतंही. पण दुसऱ्या दिवशी जेवताना दादाने वाटी पुढे ओढली आणि विचारलं, "काही टाकलं तर नाही ना?" आणि माझ्या तोंडून 'नाही' निघेना.

"टाकलं," मी म्हटलं. "गोळी आहे."

"आज?"

"रोज."

"कब से?"

"चार वर्षं."

त्याने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तो उठला, हात धुतले, खोलीत गेला, दार लावलं. त्यानंतर घरात शिजलेलं काहीही त्याने खाल्लं नाही. केळी खायचा, स्वतः सोलून. उकडलेली अंडी, तीही टरफलासकट द्यायची. भुईमुगाच्या शेंगा. नळाला तोंड लावून पाणी. गोळ्या अर्थातच बंद. आठवड्याभरात त्याची झोप उडाली, खोलीत येरझारा सुरू झाल्या, रेडिओशी भांडणं सुरू झाली. मला वाटलं, एका म्हाताऱ्याच्या तत्त्वापायी मी माझा भाऊ हातचा घालवला.

तशीच उठले आणि काकांशी भांडायला चेरीतालला गेले. काका घरी नव्हते, दुसऱ्या कुठल्या घरी ड्यूटीवर होते. दार काकूंनी उघडलं. ठेंगण्या, गोऱ्या, डोळ्यांना जाड चष्मा. मी रागारागात सगळं बोलून टाकलं. त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. एका ओट्यावर दोन शेगड्या होत्या. दोन फळ्या, दोन मिठाचे डबे, दोन तेलाच्या बरण्या.

"ही त्यांची बाजू, ही माझी," काकू म्हणाल्या. "अठरा वर्षांपासून एकाच वेळी दोन स्वयंपाक होऊन राहिले या घरात. मला हात लावायची परवानगी नाही त्यांच्या भांड्यांना." मग त्या पाटावर बसल्या. "गोळ्या घेत नव्हते तो महिना तू पाहायला पाहिजे होता. दोनदा रुळावरून ओढून आणलं त्यांना. मोठ्या जावेने सांगितलं, जेवणात घाल, म्हणून घातलं. काय चुकलं माझं, सांग बरं? आणि चुकलं असेल, तर किती वर्षं चुकलं?"

मी भांडायला गेले होते, ती त्यांच्याजवळ बसून रडून आले.

काका दुसऱ्याच दिवशी आले. मंगळवार नव्हता. काकूंनी सांगितलं असणार. आईने या वेळी दार उघडलं आणि चहा विचारला नाही. एक स्वच्छ रिकामं ताट आणून काकांच्या पुढे ठेवलं, त्यांच्या डब्यासाठी. काका तिच्या पाया पडायला वाकले तर आई म्हणाली, "उगा नाटक नका करू. जेवा." त्यानंतर ते येत राहिले तोवर आई ते ताट मांडत राहिली.

ते दादाच्या खोलीत गेले. दार उघडंच ठेवलं, मी बाहेरून बघत होते. त्यांनी डबा उघडला, झोळीतून आपल्या गोळ्यांची स्ट्रिप काढली, दादासमोर एक गोळी फोडली, आपल्या बाटलीतल्या पाण्याबरोबर घेतली.

"ही माझी. मी माझ्या हाताने घेतो. घेत नाही तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे." दादाची न फोडलेली स्ट्रिप त्यांनी पलंगावर ठेवली. "ही तुमची. घ्या म्हणत नाही मी. चलो, पत्रं लावू."

सलग सहा दिवस ते आले. त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी दादा खायला लागला. स्ट्रिप तशीच पडून होती. सातव्या दिवशी दादाने ती उचलली, उलटून नाव वाचलं, दवाखान्याचा कागद मागवून त्याच्याशी नाव जुळवलं आणि एक गोळी फोडून घेतली. मला म्हणाला, "यापुढे मला स्ट्रिप पाहिजे. सुटी गोळी नाही." मी हो म्हटलं. तेव्हापासून दादाने गोळ्या चुकवल्या नाहीत असं नाही. दोनदा भरती करावं लागलं. पण प्रत्येक वेळी 'घेत नाही' असं तो माझ्या तोंडावर सांगायचा.

माझ्या हातचं खायला त्याला जास्त वेळ लागला. आधी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. "मी इथंच उभा राहतो," म्हणायचा. मी फोडणी घालायचे, तो बघायचा. दोन महिने माझ्या पाठीवर त्याची नजर घेऊन मी स्वयंपाक केला. मग एका दुपारी तो दारात नव्हता. बाहेर ओसरीवर पेपर वाचत होता, आणि तिथून ओरडला, "झालं काय जेवण? भूक लागून राहिली." मी कणीक भिजवता भिजवता तशीच खाली बसले. इतकं बरं मला आयुष्यात क्वचितच वाटलं आहे.

त्यानंतरच्या मंगळवारी काकांनी घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "चल, नीघ." मी निघाले नाही. म्हटलं, "काका, दादाने मला दोन महिन्यांत माफ केलं."

"चांगलं झालं."

"तुम्हाला अठरा वर्षं पुरली नाहीत. अख्ख्या शहरातल्या बायकांना सुट्टी देत फिरता. काकूंना एक दिवस तरी दिली काय?"

मी असं बोलायला नको होतं, असं बोलून झाल्याबरोबर वाटलं.  काकांनी घड्याळ उचललं, मनगटावर बांधलं, पट्टा दोनदा चुकला. दादा चिठ्ठ्या घेऊन वाट बघत होता, त्याला "आज नाही, भाऊसाहेब," म्हणाले आणि गेले. पुढचा मंगळवार आले नाहीत. त्याच्या पुढचाही नाही. दादा मला म्हणाला, "तूने भगा दिया उनको." मलाही तसंच वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. काकू होत्या. आवाज ऐकून मी घाबरले, मला वाटलं काका पुन्हा आजारी पडले.

"नाही गं, बरे आहेत. सांगायलाच फोन केला. आज हे आले आणि माझ्या बाजूला पाट मांडून बसले.  त्यांच्यासमोरच वरण-भात केला, वाढला. वरणात मीठ नव्हतं घातलं मी."

"काहून?"

"त्यांच्या वरणात मी काही टाकताना त्यांना दिसायला नको ना. म्हटलं, त्यांचं ते घेतील. एक घास खाल्ला, उठले, मिठाचा डबा आणला. माझाच डबा, त्यांचा नाही. मला वाटलं आता घेतील. तर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, 'टाक.'"

"मग?"

"मग काय. टाकलं. हात असा थरथरला गं, की पार खारट झालं."  मी फोन धरून राहिले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तसंच जेवले."